ब्रेक लागतो तेव्हा तुम्हाला कोणीच ढकलत नाही: बस, ऑटो, दुचाकी आणि कारमधल्या या चुका टाळा

नागपूरच्या मोरभवन बसस्थानकाहून सुटलेल्या बसमध्ये माझ्यासमोर एक आजी उभ्या होत्या. पायाशी संत्र्यांनी भरलेली कापडी पिशवी. आंबिया बहाराचा माल नुकताच बाजारात आला होता. व्हेरायटी चौकाच्या अलीकडे एक दुचाकी आडवी आली आणि चालकाने करकचून ब्रेक मारला. आजी दोन पावलं पुढे धडपडल्या, पिशवी कलंडली आणि संत्री गडगडत थेट चालकाच्या पायाशी गेली. आजींनी वळून मागच्या कॉलेजच्या पोराला विचारलं, “काहून ढकलून राहिला रे बापू?” तो दोन्ही हातांनी सीटचा दांडा धरून उभा होता. म्हणाला, “मी नाही जी, आजी. बसनंच झटका मारला.”

दोघंही खरं वाटलं तेच बोलले आणि दोघांचंही चुकलं. आजींना पोराने ढकललं नव्हतं आणि बसनेही नाही. संत्र्यांना तर कोणाचा हातही लागला नव्हता. बस थांबली आणि आजी व संत्री थांबली नाहीत, एवढंच घडलं होतं.

मी नागपुरात बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. जडत्वाची व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. विराम अवस्थेचं जडत्व, गतीचं जडत्व, दिशेचं जडत्व, तिन्ही प्रकार उदाहरणासकट लिहितात. शाळा सुटली की तीच मुलं ऑटोच्या कडेला अर्धं अंग बाहेर काढून बसलेली दिसतात. धडा वहीत राहतो, रस्त्यावर येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा धडा रस्त्यासाठीच आहे.

न्यूटनने १६८७ साली मांडलेला पहिला नियम असा: बाहेरून बल लागेपर्यंत थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने सरळ चालत राहते. वस्तूच्या या स्वभावालाच जडत्व म्हणतात. बस ताशी ३६ किलोमीटरने जात असेल तर तुम्हीही दर सेकंदाला १० मीटर पुढे जात असता, मग बसलेले असा, उभे असा की झोपलेले. ब्रेक बसच्या चाकांना लागतो, तुम्हाला नाही. तुमचा वेग कमी करायला तुमच्या अंगावर वेगळं काहीतरी जोर लावावं लागतं. म्हणून प्रवाशाने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता गाडी थांबली तर मला काय थांबवेल? उत्तर हातातला खांब असेल, अंगावरचा पट्टा असेल, नाहीतर समोरच्याची पाठ किंवा काच असेल. उत्तर नसेल असं कधीच होत नाही. पुढच्या सगळ्या चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

“झटका आला की धरू”

बसमध्ये आणि मेट्रोत ही चूक सगळ्यात जास्त दिसते. एका हातात मोबाइल, दुसरा हात खिशात. मेट्रोत हे खपून जातं, कारण मेट्रो सावकाश वेग घेते आणि सावकाश सोडते. दर सेकंदाला वेगात सेकंदाला साधारण एक मीटरचा फरक, म्हणजे पायाखालची जमीन ६ अंशांनी कलल्यासारखं वाटतं. तेवढ्यात माणूस सावरतो. बसचा जोराचा ब्रेक याच्या चौपट असू शकतो, आणि तेव्हा जमीन एकदम २२ अंशांनी कलल्यासारखी होते. अशा उतारावर हात न धरता उभं राहून बघा. सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रोतून उतरून थेट बस पकडणाऱ्यांना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण मेट्रोची सवय अंगात असते.

उभं राहायची एक पद्धत आहे. तोंड खिडकीकडे करा आणि पाय गाडीच्या जाण्याच्या दिशेने फाकवा, म्हणजे एक पाय चालकाच्या बाजूला आणि दुसरा मागच्या बाजूला. सगळ्यात मोठे झटके पुढे-मागेच बसतात, आणि या उभं राहण्यात ते दोन्ही पायांवर वाटले जातात. गुडघे किंचित सैल ठेवा. चालकाकडे तोंड करून, पाय जुळवून उभं राहणारा माणूस पहिल्या ब्रेकलाच पडतो, कारण पुढच्या दिशेने त्याचा टेकू फक्त चवडाभर असतो.

वरच्या लोंबत्या कडीपेक्षा उभा खांब चांगला. कडी ताणली जाईपर्यंत तुम्ही पुढे सरकत राहता, तोवर शरीराने वेग धरलेला असतो. खांब त्याच क्षणी धरून ठेवतो. कडीच धरायची असेल तर ती आधीच गाडीच्या जाण्याच्या दिशेला ताणून धरा.

थांब्याआधी उठणं

याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. माझ्या आईचं मनगट असंच मोडलं होतं.

बस थांबत आली, वेग जवळजवळ संपला, आई सीटवरून उठली, दाराकडे वळली आणि बस पूर्ण थांबली त्याच क्षणी मागे पडली. पुढे नाही, मागे. घरी सगळे विचारत होते की ब्रेकमुळे माणूस पुढे पडायला हवा, मग मागे कसा? चालकाने उलटी गाडी घेतली का? चालकाने काहीच केलं नव्हतं.

ब्रेक चालू असताना शरीर पुढे जाऊ पाहतं, म्हणून आपण नकळत मागे रेलतो आणि पायाने पुढून रेटा देतो. मेंदू हे आपोआप करतो. गाडीची चाकं पूर्ण थांबतात त्या क्षणी तो पुढचा ओढा एकदम नाहीसा होतो. आपण मात्र अजून मागे रेललेले असतो. भिंतीला टेकलेला माणूस, आणि भिंतच काढून घेतली, तसं होतं. त्यात ब्रेकमुळे पुढे दबलेल्या बसच्या स्प्रिंगा सुटतात आणि बस स्वतःही मागे डुलते. म्हणून शेवटचा झटका नेहमी उलट्या दिशेने येतो, आणि नेमका तेव्हाच लोकांनी हात सोडलेला असतो.

उपाय साधा आहे, पण चालकाला आणि प्रवाशाला दोघांनाही पाळावा लागतो. प्रवाशाने बस थांबून एकदा मागे डुलली की मगच उठावं. वयस्कर माणसाने हक्काने म्हणावं, “भाऊ, थांबा जी, उतरायचं आहे.” कोणाला घाई असेल तर असू द्या. चालकाने थांबायच्या शेवटच्या क्षणी ब्रेकवरचा पाय किंचित सैल करावा. चांगले चालक हे करतातच, आणि अशा बसमध्ये बसलं की ते लगेच कळतं: गाडी कधी थांबली ते समजतच नाही.

चालत्या बसमधून उतरणं

करू नका. सिग्नलला बस हळू झाली की उतरणारे रोज दिसतात, त्यातले बरेच जण मागच्या दिशेला तोंड करून उडी मारतात, “मागे पडलो तर हात टेकता येतील” म्हणून. पाय जमिनीला टेकले की पाय थांबतात, धड मात्र बसच्या वेगाने पुढे जात राहतं. मागे तोंड असेल तर माणूस पाठीवर आणि डोक्याच्या मागच्या भागावर पडतो, आणि मागून येणारी गाडी त्याला दिसलेलीही नसते. वेग ताशी १५ किलोमीटर असला तरी तो धावण्याचा वेग आहे. थांब्याच्या पुढे गेलात तर पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे या.

वळणावर “बाहेर फेकलं जाणं”

ऑटो वळला की आपण दुसऱ्या बाजूच्या माणसावर जाऊन आदळतो. लोक म्हणतात, वळणावर गाडी बाहेर फेकते. बाहेर फेकणारं काहीच नसतं. शरीर सरळ जात असतं आणि ऑटो त्याच्याखालून बाजूला सरकतो. ऑटोची उजवी-डावी बाजू उघडी असते, म्हणून या फरकाला महत्त्व आहे. कारचं दार वळणावर आपल्याला आत ढकलतं. ऑटोत ते काम करायला दारच नाही.

गणित करून पाहू. १० मीटर त्रिज्येचं वळण, वेग ताशी २० किलोमीटर. ६० किलोच्या माणसाला ऑटोसोबत वळवायला साधारण १९ किलो वजनाइतका जोर बाजूने लावावा लागतो. वेग २० ऐवजी २८ केला की हाच जोर दुप्पट लागतो. हा जोर कोण लावणार? कडेला बसलेल्याचा हात मोबाइलवर असेल तर कोणीच नाही. म्हणून कडेला मोठ्या माणसाने बसावं, लहान मुलाने मध्ये. शाळेच्या ऑटोत चालकाशेजारी टेकून बसवलेल्या मुलांबद्दल पालकांनी भांडलं पाहिजे. मी भांडते.

ई-रिक्षात एक गमतीची गोष्ट मुलांना दाखवता येते. तिथे चालकाच्या मागची सीट उलट्या तोंडाची असते. ब्रेक लागला की समोरासमोर बसलेल्यांपैकी मागच्या सीटवरचे पुढे झेपावतात, आणि उलट बसलेले मात्र आपल्याच पाठीच्या टेकूत दाबले जातात. त्यांना काही होत नाही, कारण त्यांना थांबवायला पाठभर जागा मिळते. अगदी लहान बाळांसाठी कारमध्ये मागे तोंड करून बसवायची खुर्ची मिळते, ती याच कारणासाठी. बाळाचं डोकं जड आणि मान नाजूक असते. झटका पूर्ण पाठीवर वाटला गेला तर मानेला ताण येत नाही.

आणखी एक प्रयोग, ज्याने माझ्या वर्गाला दोन दिवस झोप लागू दिली नाही. बंद काचांच्या कारमध्ये हेलियमचा फुगा दोरीने बांधा. (रस्त्यावर मिळणारा फुगा हायड्रोजनचाही असू शकतो आणि तो पेट घेतो, तसला बंद गाडीत अजिबात नेऊ नका.) गाडीने वेग घेतला की तुम्ही मागे जाता, फुगा पुढे जातो. ब्रेक मारला की तुम्ही पुढे, फुगा मागे. वळणावर तुम्ही बाहेर, फुगा आत. कारण गाडीतल्या हवेलाही जडत्व आहे. वेग घेताना हवा मागे दाटते, आणि तिच्यापेक्षा हलका फुगा विरळ बाजूला सरकतो.

“मी वजनदार, मला काही होत नाही”

जास्त वजनाच्या माणसाचं जडत्व जास्त, हे खरं. म्हणजे त्याला थांबवायलाही जास्त जोर लागतो. सीटवर घसरण्याच्या बाबतीत घर्षणही वजनाच्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळे हलका आणि जड दोघं सारखेच घसरतात. जड माणूस आदळला तर त्याच्या पुढच्याला जास्त लागतं.

दुचाकीवर मागे

एका बाजूला पाय टाकून बसणारी सवारी वेग घेताना आणि ब्रेक लागताना आडवी असते. तिच्या पुढे-मागे टेकू नसतो. सीटची लांबी तिला थांबवू शकत नाही, फक्त हात थांबवू शकतात. साडी असेल आणि दोन्ही बाजूंना पाय टाकणं जमत नसेल तर निदान एक हात मागच्या दांड्याला आणि एक चालकाच्या कमरेला असावा. हातात डब्याची पिशवी आणि मांडीवर लेकरू, हे चित्र सक्करदऱ्यापासून कळमन्यापर्यंत रोज दिसतं. त्या लेकराला थांबवणारं तिथे काहीच नसतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्रीय नियम २०२३ पासून लागू आहे. स्कूटरच्या पुढच्या पाटीवर उभं केलेलं मूल ब्रेक लागताच थेट हँडलवर जातं. मागून आपण हाताने धरू, असं चालकाला वाटतं, पण त्याचे दोन्ही हात तेव्हा ब्रेकवर असतात.

सवारीने अचानक हलू नये हेही महत्त्वाचं. सिग्नल सुटताना चालकाला सांगूनच निघू द्या. वेग घेताना मागचा माणूस जिथल्या तिथे राहायला बघतो आणि गाडी खालून निघून जाते.

कारमध्ये: “शहरात कशाला पट्टा”

पट्टा फक्त महामार्गासाठी असतो, असा एक समज आहे. मानेवाड्यातून धरमपेठेत जायचं, कशाला लावायचा! आता आकडे पाहा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी कार अचानक थांबली तर तुमच्या शरीराजवळ साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतकी ऊर्जा असते. ताशी ३० ला पहिला मजला. वेग दुप्पट झाला की उंची चौपट. समृद्धी महामार्गावर शिवमडक्याहून निघून १२० ला पोहोचलात की उंची साधारण ५७ मीटर होते, अठरा-एकोणीस मजले. आणि त्या सरळ रस्त्यावर हा वेग मुळीच जाणवत नाही, कारण सारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या गाडीत शरीराला काहीच कळत नाही. कळतं ते फक्त वेग बदलताना, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

पट्टा काय करतो? ५० च्या वेगाने धडकताना कारचं पुढचं तोंड चेपतं. पट्ट्याने तुम्ही गाडीला बांधलेले असाल तर तुम्हालाही थांबायला साधारण अर्धा मीटर मिळतो, आणि शरीराला आपल्या वजनाच्या २० पट जोर सोसावा लागतो. पट्टा नसेल तर गाडी थांबते, तुम्ही ५० नेच चालत राहता, आणि डॅशबोर्डवर ५ सेंटिमीटरमध्ये थांबता. जोर दहा पट होतो, वजनाच्या २०० पट. वेग तोच, माणूस तोच, फक्त थांबायला मिळालेलं अंतर वेगळं.

आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये घडवला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं. इतकी मोठी गोष्ट फुकट मिळाली आणि आपण तिची नुसती कडी खाचेत अडकवून वाजणारी घंटी बंद करतो.

मागच्या सीटचं सांगते. मागे बसलेल्यालाही पट्टा सक्तीचा आहे, न लावल्यास १००० रुपये दंड आहे. पण दंड सोडा. मागचा न बांधलेला माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो आणि पट्टा बांधलेल्या पुढच्या माणसालाही चिरडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर पट्ट्याविना होते, हे पोलिसांनी सांगितलं होतं. महागडी गाडी जडत्वाला वेगळी नसते.

मूल मांडीवर घेण्याची चूक मी स्वतः केली आहे. भाच्याला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसून मी रामटेकला गेले होते, घट्ट धरलंय म्हणून निश्चिंत. नंतर एका संध्याकाळी हिशोब केला. १० किलोचं मूल, ५० चा वेग, गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या मुलाला धरून ठेवायला १४० किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो, तोही पापणी लवायच्या आत. माझ्या हातात तो नाही. कोणत्याच आईच्या हातात नाही, प्रेम कितीही असो. वर मागून माझं स्वतःचं अंग त्याच्यावर आदळलं असतं. त्या दिवशी ब्रेक लागला नाही, एवढंच.

पट्टा लावताना होणाऱ्या चुका थोडक्यात: खांद्यावरचा पट्टा काखेखालून घेऊ नका, तो बरगड्या मोडतो. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून घ्यावा. जाड जॅकेट घालून पट्टा सैल राहतो, थंडीत ते काढून बसा. पुढच्या सीटवर डॅशबोर्डवर पाय टाकून बसणं तर अतिशय घातक, कारण एअरबॅग सेकंदाच्या तिसाव्या भागात फुगते आणि गुडघे तोंडावर येतात. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याऐवजी नाही.

मागच्या काचेखाली ठेवलेली संत्र्यांची पेटी, पाण्याची स्टीलची बाटली, पंक्चरचा जॅक: यांना पट्टा नसतो. एक किलोची बाटली ५० च्या वेगाने तिसऱ्या मजल्यावरून डोक्यात पडल्यासारखी येते. जड सामान डिकीत, खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. आणि डोक्यामागची उशी वर ओढून डोक्याच्या मध्याशी आणा. सिग्नलवर मागून कोणी ठोकलं की सीट तुमची पाठ पुढे ढकलते, डोकं जिथल्या तिथे राहतं आणि मान मागे मोडते. मानेशी ठेवलेली उशी उलट घात करते.

पट्टा अडकतोय? बिघडला नसेल

“मॅडम, माझा पट्टा निघतच नाही” म्हणून गॅरेजला जाणाऱ्यांना हे सांगते. पट्ट्याच्या रिळात एक छोटी गोळी किंवा लंबक असतो. गाडी अचानक थांबली की तीही जडत्वाने पुढे सरकते आणि रीळ कुलूपबंद करते. दुसरं कुलूप पट्टा जोरात ओढला तर लागतं. म्हणून हिसका देऊन ओढलात की तो अडकणारच. सोडा, पूर्ण आत जाऊ द्या, मग हळू ओढा. गाडी उतारावर उभी असेल तर गोळी आधीच सरकलेली असते, गाडी सपाट जागी आणून पाहा. सपाट जागी हळू ओढूनही निघत नसेल, किंवा उलट, हिसका देऊनही अडकत नसेल, तर मात्र तो बदलून घ्या. अपघातात ताणला गेलेला पट्टाही बदलायचाच, दिसायला चांगला असला तरी.

चिखलदऱ्याच्या घाटात उलटी

हीही जडत्वाचीच करणी. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये एक द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्यावरून मेंदूला वळणं कळतं. घाटात कान सांगतात “वळतोय”, आणि मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात “स्थिर आहे”. या भांडणातून मळमळ सुरू होते. लेकरांना मागच्या सीटवर मोबाइल देऊन गप्प बसवणं म्हणजे उलटीला आमंत्रण. मोबाइल काढून घ्या, खिडकी उघडा, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवायला सांगा. बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा घ्या, तिथे डुलणं कमी. गाडी चालवणाऱ्याला सहसा उलटी होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून मागे बसलेल्या मुलाला प्रत्येक वळणाआधी सांगत राहा, “आता डावीकडे, आता उजवीकडे.” माझा भाचा आता हे स्वतःच मोठ्याने म्हणतो, परतवाड्यापासून वरपर्यंत, न चुकता.